अब्दू सालेहचा दुखवटा

कैरोच्या सिनेमात काळ्या माणसाला दाराचं मोठं वेड. दार उघडायचं, दार लावायचं, दाराशी बसून राहायचं, नाहीतर दारातून ट्रे घेऊन आत यायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, बाहेर कोणीतरी आलंय." सहा वर्षांत फिक्री शलालीनं सात सिनेमे केले. तीनदा दरवान, दोनदा वेटर, एकदा आचारी, आणि एकदा सुरईतून निघालेला जिन्न. त्यातल्या त्यात जिन्न बरा, असं फिक्री म्हणायचा. जिन्नाला दार लागत नाही.

हा पोरगा नाट्यशिक्षणाच्या सरकारी संस्थेतून दुसरा आला होता. पहिला आलेला आता नायक होता, तिसरा आलेला खलनायक, आणि दोनदा नापास झालेला निर्माता. फिक्रीची अरबी अशी की संस्थेतले उच्चार शिकवणारे म्हातारे मास्तर बाकीच्या पोरांना गप्प करून सांगत, "ऐका गाढवांनो, ही तुमची भाषा आहे, आणि ती कोण बोलतोय बघा." मास्तरांच्या मनात कौतुकच होतं. फक्त ते कौतुकही ओरखडा काढूनच बाहेर पडायचं.

त्या अरबीला धक्का लागू नये म्हणून फिक्रीनं आमची, दक्षिणेच्या गावांतून कैरोत आलेल्या काळ्या नूबी लोकांची, बोली तोंडातून काढूनच टाकली होती. आई बोलीत विचारायची, "जेवलास का रे?" आणि हा बातम्या सांगितल्यासारखा उत्तर द्यायचा. ती शेजारणींना म्हणायची, "पोरगा घरी असला की रेडिओ लावावा लागत नाही."

मी कैरोच्या अबदीन भागातल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस. त्याआधी एका मोठ्या हॉटेलात चाळीस वर्षं वेटर. माणसाच्या बोलण्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. जेवण झाल्यावर ताटात काय उरलंय ते बघायचो. दिग्दर्शक नाझिम रिफ्कींना मी हॉटेलात अनेकदा वाढलं होतं. सात पदार्थ मागवायचे, प्रत्येकातला एक घास खायचे, आणि मग खानसाम्याला बोलावून त्याची पाठ थोपटायचे. कौतुक पोटभर, अन्न वाया. त्यामुळे एका सकाळी ते फिक्रीला घेऊन मंडळात आले आणि आमच्या अध्यक्षांचा, हाजी दहबांचा हात दोन्ही हातांत धरून "हा सिनेमा म्हणजे तुमच्या समाजाचा सन्मान आहे" असं म्हणाले, तेव्हा पुढचं ताट मला दिसायलाच लागलं.

हाजी दहब जुने आचारी. पाशांच्या वाड्यांपासून वकिलातींपर्यंत सगळीकडे त्यांनी मसाला परतलेला. ते पटकन विरघळत नसत.

"गोष्ट काय आहे, उस्ताद?"

"एक नूबी दरवान. अब्दू सालेह. तीस वर्षं एका इमारतीच्या दाराशी बसतो आणि मरतो. त्याचे दोन मुलगे. थोरला आचारी. ते काम आमचे समीह बहगत करताहेत."

"ते गोरे?"

"दिसणार नाहीत," नाझिम म्हणाले.

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या नखांकडे बघितलं.

"आणि धाकटा मुलगा वकील," नाझिम घाईनं पुढे म्हणाले. "हा आपला फिक्री! दुखवट्याच्या प्रसंगात याचं भाषण आहे. अकरा वाक्यं. शुद्ध अरबीत. आजवर कुठल्याही सिनेमात तुमच्यापैकी कुणी असं भाषण केलेलं नाही, हाजी. दोन वर्षांत धरणानं तुमची गावं पाण्याखाली जाणार. निदान पडद्यावर तरी तुम्ही कोरडे राहाल."

हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण ते त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.

फिक्री माझ्या शेजारी उभा होता. त्याचा हात कोटाच्या खिशात होता आणि खिशात कागद होता. तो कागद त्यानं मला आदल्या आठवड्यात दाखवला होता. अकरा वाक्यं, घडीवर विरायला आलेली. समीह बहगतला अकरा वाक्यं सलग पाठ होत नाहीत, म्हणून ती धाकट्या भावाच्या वाट्याला आली होती, ही गोष्ट स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होती. फिक्रीलाही. पण उपाशी माणूस भाकरी कुणाच्या ताटातून घसरली ते विचारत नाही.

"टिंगल नको," हाजी म्हणाले. "एवढंच."

"टिंगल? हाजी, माझ्या आईची शपथ!"

नाझिमांची आई मेल्याला वीस वर्षं झाली होती. तिची शपथ त्यांना स्वस्त पडायची.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळीच दोन ट्रक आले. मंडळाच्या दिवाणखान्यात दिवे लागले, खुर्च्या मांडल्या, कडू कॉफीची किटली आली. ग्रीक रंगभूषाकार कॉस्ता आपला डबा घेऊन आमच्या कोठीघरात बसला आणि समीहला काळा करायला लागला. आधी चेहरा, मग मान, मग कोपरापर्यंत हात. वर ग्लिसरीन, चकाकी यायला. समीह माणूस म्हणून वाईट नव्हता. आरशात बघत मला म्हणाला, "जुबैर काका, कसा दिसतो?"

"तोंडाला काळं फासायचे पैसे मिळणारा मी पहिलाच माणूस बघतोय, साहेब."

तो मनापासून हसला. त्याला वाटलं, मी त्याची स्तुती केली.

आता आमच्या दाराजवळच्या फळ्याबद्दल सांगायला हवं. कैरोत आमच्या गावचं कोणी गेलं की त्या फळ्यावर खडूनं नाव लिहायचं: अमुक, गाव अमुक, दुखवटा आज. येणारा-जाणारा नूबी माणूस फळा वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि वाचला की दुखवट्याला बसल्याशिवाय जात नाही. मग तो जवळच्या इमारतीतल्या दरवानाच्या फोनवरून दुसऱ्या दरवानाला सांगतो, तो तिसऱ्याला. तासाभरात झमालेकपासून हेलियोपोलिसपर्यंत प्रत्येक दाराशी, प्रत्येक चुलीपाशी निरोप पोचलेला असतो. आजारी असो, भांडण असो, मालक ओरडो, जायचंच. कोण आलं आणि कोण आलं नाही ते मी वहीत लिहितो, आणि आमच्यात लोक देवाखालोखाल त्या वहीला घाबरतात.

नाझिमांच्या एका हुशार मदतनिसानं तो फळा पाहिला. कॅमेऱ्यात छान दिसेल म्हणून त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: अब्दू सालेह. खाली आमच्या गावाचं नाव. ते त्यानं मंडळाच्या पाटीवरूनच उतरवून घेतलं. कुणाला विचारलं नाही. आमच्यात कुणाला काही विचारायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आमच्या गावचे अब्दू सालेह कैरोत सात होते.

दहा वाजता पहिले चार जण आले. मला वाटलं, स्टुडिओनं आणलेले असतील. साडेदहाला वीस. अकराला जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती. पांढरे झगे, पांढरे फेटे, काहींच्या अंगावर अजून स्वयंपाकघरातला एप्रन. शहरातल्या निम्म्या श्रीमंतांचं दुपारचं जेवण त्या दिवशी करपलं. मी वही घेऊन धावलो. सवय.

"कुठला अब्दू सालेह रे, जुबैर? गार्डन सिटीतला की शुब्राचा?"

"कुठलाच नाही. सिनेमातला."

"थट्टा करतोस? मयतीच्या घरी?"

कोण ऐकतो! आत कॉफी फिरत होती, मुख्य खुर्चीवर एक काळा माणूस मान खाली घालून बसला होता, पुढचं बघायची गरजच काय? रांग लागली. एकेक जण वाकून समीहचा हात हातात घेऊ लागला. म्हातारे गालाला गाल लावून रडू लागले. नाझिम कॅमेऱ्यामागून आनंदानं हातवारे करत होते: चालू ठेवा, थांबवू नका! फुकटात दीडशे माणसं, आणि एकालाही रडायला शिकवावं लागत नव्हतं.

इतक्यात झमालेकचा दरवान अब्दू सालेह धापा टाकत जिना चढून वर आला. फळा वाचून तो जागच्या जागी थबकला होता.

"काका," तो मला म्हणाला, "माझ्याच मयतीला मी उशिरा पोचलो का?"

दोन-चार जण हसले, आणि त्या हसण्यात कुणीतरी आपला हात बघितला. आम्ही काळे असलो तरी आमचे तळवे उजळ असतात. त्या तळव्यावर काजळीचा ओला पट्टा होता. शेजाऱ्यानं आपला तळवा बघितला. मग एकेकानं. दिवाणखान्यात माणसं आपले हात उलटे करून बघत उभी राहिली. पांढऱ्या झग्यांच्या खांद्यांवर, फेट्यांच्या कडांवर डाग. मे महिन्याची दुपार, वर दिव्यांची धग, खाली ग्लिसरीन. समीहच्या मनगटावर आता गुलाबी चट्टे दिसू लागले होते.

हाजी दहब पुढे झाले. त्यांनी समीहच्या हनुवटीला बोट लावलं, ते बोट नाकाजवळ नेऊन हुंगलं. आयुष्यभर रस्से चाखलेला माणूस.

"बुचाची काजळी," ते म्हणाले. "आणि जरा जास्तच जळलीय." मग सगळ्यांकडे वळून, "उठा रे. इथे कोणी मेलेलं नाही."

खुर्च्या सरकल्या. नाझिम कॅमेऱ्यामागून धावत आले, पण हाजींकडे नाही, फिक्रीकडे. मी दोघांच्या मध्येच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"थांबव यांना."

"उस्ताद, यांचा अपमान झालाय."

"माझी वेळ चाललीय! हे बघ फिक्री, अशी माणसं मला स्टुडिओत मिळणार नाहीत. ही गेली तर दुखवट्याचा प्रसंग गेला, आणि प्रसंग गेला तर तुझं भाषण कुणासमोर करणार? खुर्च्यांसमोर? ही बसली तर तुझा चेहरा पडदाभर. अकराच्या अकरा वाक्यं. एकही कापणार नाही."

फिक्री दाराकडे गेला. गेल्या सहा वर्षांत तो कितीतरी दारांत उभा राहिला होता, पण वाट अडवायला कधी नाही. हात पसरून तो उभा राहिला आणि बोलला. आमच्या बोलीत. शब्द आधी गंजल्यासारखे आले, मग सुटले.

"हाजी, काका, भाऊ, मला एक तास द्या. माझ्यासाठी बसा."

"तुझ्यासाठी की त्या रंगवलेल्यासाठी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तो बोलणार नाही. मी बोलणार आहे."

हाजी त्याच्यापाशी थांबले. "काय बोलणार?"

"माझे वडील तीस वर्षं दाराशी बसले आणि त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, असं."

"तुझ्या तोंडानं? तुझ्या आवाजात?"

"माझ्या आवाजात."

"आणि लोक हसणार नाहीत?"

हा प्रश्न हाजींनी नाझिमांना विचारायला हवा होता. पण नाझिमांचं उत्तर त्यांना नको होतं, आपल्या माणसाचं हवं होतं. फिक्रीचा हात पुन्हा खिशात गेला.

"नाही हसणार," तो म्हणाला. "मी शब्द देतो."

हाजी वळले आणि बसले. ते बसले म्हणून सगळे बसले. झमालेकचा अब्दू सालेहसुद्धा पुढच्या रांगेत बसला, आपल्याबद्दल काय चांगलं बोलतात ते ऐकायला.

भाषण कसं झालं ते सांगतो, कारण सांगणारा आता मीच उरलोय. फिक्री उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "माझे वडील तीस वर्षं एका दाराशी बसले. त्या दारातून आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, त्यांना सगळं ठाऊक होतं. सहाव्या मजल्यावरची बाई कधी रडते आणि दुसऱ्या मजल्यावरचा साहेब कधी खोटं बोलतो, तेही. पण त्या घरांत कुणालाच त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. सगळ्या दरवानांना मारतात तशी त्यांनाही इद्रीस म्हणून हाक मारत. ते वळून बघत, कारण पोटाला नाव नसतं. आज पहिल्यांदा ते वळले नाहीत." पुढची वाक्यं मला नीट आठवत नाहीत. तेव्हा मी फळ्याकडे बघत होतो, आणि दिसत नव्हतं.

समीह रडला. खरंच रडला. त्याच्या गालावरून एक पांढरी रेघ थेट हनुवटीपर्यंत उतरली, आणि नाझिम ओरडले, "थांबवा! कॉस्ता, याला पूस आणि पुन्हा फास!" मग फिक्रीनं अकरा वाक्यं परत म्हटली. तितकीच चांगली. समीहला या वेळी पाठमोरा बसवलं.

संध्याकाळी ट्रक गेले. फळा मी स्वतः पुसला. हाजींनी फिक्रीच्या पाठीवर हात ठेवला. झमालेकचा अब्दू सालेह मात्र वहीजवळ घुटमळत होता. त्याला हजेरी लावून हवी होती. "आलो तर होतो ना मी?"

तीन महिन्यांनी फिक्री सकाळीच माझ्याकडे आला. नवा सदरा, दाढी गुळगुळीत. "जुबैर काका, आवाजाच्या खोलीत बोलावलंय. थोडी दुरुस्ती आहे म्हणतात. चला, पडद्यावर बघा मला."

आवाजाची खोली म्हणजे गाद्या ठोकलेलं कोठार. समोर छोटा पडदा, मध्ये मायक्रोफोन, काचेमागे आवाज टिपणारा जाडा माणूस. पडद्यावर फिक्रीचा चेहरा आला. नाझिमांनी एवढा एक शब्द पाळला होता, चेहरा पडदाभर होता. मला वाटलं, पोरानं जिंकलं.

"अप्रतिम," नाझिम म्हणाले. "अप्रतिमच. फक्त एक छोटी गोष्ट. बैरूतच्या वितरकांनी पाहिला. ते म्हणतात, हा बर्बरी तोंड उघडतो आणि आतून विद्यापीठ बोलतं. लोकांना वाटेल, थेटरातलं यंत्र बिघडलं."

बर्बरी म्हणजे आम्हीच; शहरातले लोक नूबी माणसाला हिणवून तसं म्हणतात.

"तो वकील आहे, उस्ताद," फिक्री म्हणाला.

"मला माहितीय रे. मला माहितीय, तुला माहितीय. तिकीट काढणाऱ्याला काय माहिती? समीह आधीच्या प्रसंगात मोडकं बोलतो, त्यावर लोक हसतात, मग त्याचा सख्खा भाऊ असा कसा? तूच सांग. तेव्हा हीच वाक्यं, हाच भाव, फक्त जरा आपल्या त्या बर्बरी ढंगात. जीभ अडखळत. हसूही येतं आणि रडूही येतं, ते जास्त उच्च असतं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर समीह तुझा आवाज देईल. त्याला तो ढंग तुझ्यापेक्षा चांगला येतो." नाझिमांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आणि दिलास तर पुढच्या सिनेमात तुझं नाव पाटीवर. विचार कर. मी घाई करत नाही. पाच मिनिटं घे."

फिक्री मायक्रोफोनपाशी उभा राहिला. काचेमागचा जाडा समोसा खात होता. मी भिंतीपाशी. मला काही बोलायला हवं होतं आणि मी बोललो नाही. चाळीस वर्षं मी साहेबलोकांच्या पाठीमागे असाच उभा होतो, आणि ती सवय कोटासारखी काढून ठेवता येत नाही.

"एक विचारू, उस्ताद?" फिक्री शेवटी म्हणाला. "मोडक्या अरबीपेक्षा सरळ बर्बरीतच बोललो तर? आमची बोली. कुणाला कळणार नाही. जास्त हसतील."

नाझिमांचे डोळे चमकले. "हे मला कसं सुचलं नाही! टिपा रे, टिपा!"

पडद्यावर ओठ हलायला लागले आणि फिक्री बोलला. ओठ जुळत नव्हते, पण बर्बऱ्याच्या ओठांकडे कोण बघतं? तो त्याच शांत आवाजात, तेवढ्याच जागी थांबत, म्हणाला:

"हाजी दहब, मी तुमच्यासमोर शब्द दिला होता, माझ्या आवाजात आणि हसं न होता. तो मला पाळता आला नाही. तुम्ही माझ्यासाठी बसलात, हा तुमचा दोष नाही, माझा आहे. आता आजूबाजूला लोक हसत असतील. त्यांच्यात बसू नका. आपल्या अब्दू सालेहपैकी कोणीही मेलेलं नाही. मेलं असेल तर ते दुसरंच काही, आणि त्याच्या दुखवट्याला यांच्यातलं कोणी येणार नाही. उठा, आणि घरी जा. मागे वळून बघू नका."

काचेमागचा जाडा इतका हसला की समोसा घशात अडकला. नाझिम डोळे पुसत माझ्याकडे वळले. "काय म्हणाला हो तो, काका? तुम्हाला कळलं असेल."

"वडिलांबद्दल बोलला, साहेब."

"वा! भाव कसा राखला!"

सिनेमा ईदला लागला. आमच्या मंडळानं तिसऱ्या वर्गाच्या तीन रांगा घेतल्या होत्या, बायकापोरांसकट. फिक्री आला नाही. मी हाजींच्या शेजारी बसलो, आणि मला ठाऊक होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, धाडसही झालं नाही.

समीहच्या प्रत्येक वाक्याला थेटर कोसळत होतं. आमचे हाजी पुतळ्यासारखे. मग दुखवटा आला. पडद्यावर आमचा दिवाणखाना, आमची माणसं, पुढच्या रांगेत झमालेकचा अब्दू सालेह, त्याला बघून त्याची बायको "अगं बाई, हे!" असं ओरडली. आणि फिक्रीचा चेहरा, पडदाभर, आणि त्या चेहऱ्यातून आमची बोली.

थेटर फुटलं. बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. एक पोरगं फिक्रीची नक्कल करून खुर्चीवर नाचू लागलं. आणि त्या गदारोळात आमच्या तीन रांगा मात्र एकदम गप्प झाल्या, कारण तिथे एकेक शब्द पोचत होता.

हाजी दहब उठले. सत्तर वर्षांचे गुडघे, पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन. त्यांच्यामागे मी. मग ओळीनं सगळे, बायका पोरांना ओढत. मागच्या रांगेतले लोक खेकसले, "ए बर्बरी, खाली बस, दिसत नाही!" कुणी वळून बघितलं नाही.

सगळे उठले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. अकरा जण बसून राहिले. त्यांना शेवट बघायचा होता. त्यातल्या चौघांनी मला नंतर सांगितलं की त्यांना ऐकूच आलं नाही. नावं माझ्याकडे आहेत.

सिनेमा चौदा आठवडे चालला. तिसऱ्या आठवड्यात तोच हुशार मदतनीस मंडळात आला. फिक्री तिथे पेपर वाचत बसला होता. अबदीनच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम त्यानं तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं.

"अभिनंदन!" मदतनीस म्हणाला. "सगळ्या कैरोच्या तोंडी तुझी ती बडबड आहे. उस्ताद विचारताहेत, तशीच पुन्हा जमेल का? तीन सिनेमे. नाव पाटीवर, समीह साहेबांच्या बरोबरीनं."

फिक्रीनं पेपरची घडी घातली. नुसती घडी नाही, चारही कोपरे जुळवून.

"उस्तादांना म्हणावं, त्या बडबडीत मी काय बोललो ते त्यांनी सांगावं. एक वाक्य सांगितलं तरी येतो. हवं तर विचारून सांगू देत. शहरात पन्नास हजार माणसं आहेत विचारायला. त्यांच्या स्वतःच्या इमारतीच्या दाराशीच एक आहे."

मदतनीस गेला. परत आला नाही. विचारणं म्हणजे दरवानासमोर थांबणं, आणि नाझिम साहेबांना तेवढा वेळ कधीच नव्हता.

ते तीन सिनेमे झाले मात्र. समीहनंच केले, आपलं आणि फिक्रीचं, दोन्ही कामं त्यानंच, काजळीचा एक डबा जास्त लागला. बडबडही तोच करतो. मी एकदा मुद्दाम जाऊन ऐकली, तिसऱ्या वर्गात बसून. एकही शब्द कुठल्याच भाषेतला नाही. लोक तितकेच हसत होते.